बाळ्याचा खांदा

बाळ्या मोकळ्या किनाऱ्यावरसुद्धा मान वाकवून चालतो. वर आभाळ, खाली रेती, मध्ये एकही चौकट नाही. तरी दहा पावलांवर एकदा मान खाली जातेच. विचारलं तर म्हणतो, "कपालाला काय ठावं, घर संपलं म्हणून?"

सहा फूट अकरा इंचांच्या या माणसाला अख्खं थळ गाव बाळ्याच म्हणतं. पाळण्यातलं नाव बाळकृष्ण; नाव काही माणसाबरोबर वाढत नाही. कपाळावरच्या खुणा तो हौसेने दाखवतो. ही पोस्टाची, ही एसटीची, ही दिल्लीच्या हॉटेलातली. दिल्लीची चौकट लय कडक. कुणी नवखा भेटला, की त्याने तोंड उघडायच्या आत हा सांगून मोकळा होतो, "वर हवा बरी हाय."

आम्ही एका वर्गातले. बास्केटबॉल कशाशी खातात हे आमच्या शाळेत कुणाला माहीत नव्हतं. अलिबागच्या बाजारात टेम्पोच्या टपावरची मासळीची टोपली हा उभ्याउभ्या उतरवत होता, ते एका खेळाच्या मास्तरांनी पाहिलं आणि टोपलीसकट त्याला धरलं. पुढे मुंबईच्या एका कंपनीच्या संघात नोकरी लागली आणि पंधरा वर्षं तो देशभर खेळला. एकदा पेपरात फोटो आला, त्यात नेमकं डोकं कापलेलं. आम्ही बनियनवरच्या नंबरावरून ओळखला.

मग दोन्ही गुडघे गेले आणि बाळ्या गावी परतला. तेव्हापासून गावातले बल्ब बदलायचे, गणपतीचं मखर टांगायचं ही कामं त्याची. लग्न काही झालं नाही. मुलीकडचे यायचे, पोहे खायचे, वर बघायचे आणि जायचे.

त्याला माणसांत ठेवलं ते सुमनवहिनीने, त्याच्या थोरल्या भावाच्या बायकोने. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दहा वर्षांचा होता आणि दर सहा महिन्यांनी कपड्यांतून बाहेर यायचा. ती त्याच्या पँटींना खालून पट्ट्या जोडायची. गोधडीलाही पायाकडे वेगळा तुकडा होता. सुतार बोलावून तिने स्वयंपाकघराची चौकट उंच करून घेतली. सासरे ओरडले, तर म्हणाली, "जेवाया येताना तरी त्याला ताठ येऊ दे."

बाळ्याचे वडील गेले ते तो अजून मुंबईच्या संघात होता तेव्हा. मिळेल त्या गाडीने तो पोचला. थोरल्याने मडकं धरलं होतं; बाळ्या तिरडीखाली शिरला. पुढे उजवीकडे तो, डावीकडे मी. दोन पावलं टाकली आणि तिरडी कलली, म्हातारा माझ्या अंगावर घसरायला लागला. मी घाबरून म्हटलं, "बाळ्या, तू बाजूला हो." तो बाजूला झाला. कुणीतरी त्याच्या हातात तुपाचा डबा दिला, तो घेऊन तो मसणापर्यंत सगळ्यांच्या मागून आला. बापाला खांदा न देता आलेला मुलगा. माझंही काही चुकलं नव्हतं, पण ते वाक्य मला अजून टोचतं.

त्यानंतर गावात कुणी गेलं, की बाळ्या अंगणात यायचा, खांदेकऱ्यांकडे बघायचा आणि तुपाचा डबा उचलायचा. एकदा वहिनी मासे साफ करत असताना मला म्हणाला, "वयनीला मात्र मी खांदा देनार. कसा पन." वहिनीने मान वर केली नाही. "तवर मी हाय, जेवून घे," म्हणाली.

गेल्या माघात दोन दिवसांच्या तापाने वहिनी गेली. तिच्या मुलाने मडकं उचललं. बाळ्या आला, गुडघे वाकवून तिरडीखाली शिरला. गुडघ्यांचा आवाज मला ऐकू आला, कारण डावीकडे पुन्हा मीच होतो. तसाच वाकडा, पाय फरफटत तो चालायला लागला. तिरडी सरळ होती. त्याचा चेहरा, आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या चेहऱ्याच्या उंचीवर होता. तो मला बघवेना. मागून कुणीतरी म्हणालं, याला बाजूला घ्या, मध्येच पडेल.

ते वाक्य दुसऱ्यांदा माझ्याने म्हणवलं नाही. मी खांद्यावरचा बांबू उचलून दोन्ही तळव्यांवर डोक्याच्या वर धरला. मागचे दोघे कुरकुरले, मग त्यांनीही धरला. बाळ्या हळूहळू उभा राहिला. पार ताठ. विसाव्याला आमची माणसं बदलली, नव्यांनीही हात वर केले. तो बदलला नाही. वाटेवरच्या घरातली एक म्हातारी हात जोडून म्हणाली, "लय उंचावरून चालली बाय."

तिसऱ्या दिवशी बाळ्या तेलाची वाटी घेऊन माझ्या घरी आला. जमिनीवर बसला आणि माझे दंड चोळायला लागला. चोळता चोळता म्हणाला, "मागल्या पडवीत दोन बांबू आनून ठेवलेत. लांब हायेत. माज्या वेलेला शोधत नको फिराया."

त्याने दुसरा हात पुढे करायला सांगितला.