झिपरीचा बारावा सामना

तर बाळांनो, एका जंगलात सगळ्यांना टेनिसचं वेड लागलं होतं. वेलींची जाळी बांधायची, पांढऱ्या मातीने रेघा ओढायच्या आणि दिवसभर चेंडू बडवायचा.

हे वेड लावलं उल्का वानरीने. सलग सात वर्षं ती जंगलाची विजेती. तिच्या नावाचं शेपटीचं तेल निघालं होतं. शेपटी नसलेले बेडूकही ते घ्यायचे.

तिची मुलगी झिपरी. तीही खेळायला लागली. खेळायला कसली, जिंकायलाच लागली. अकरा सामने, अकरा विजय! कावळे ओरडत सुटले, "आईवर गेलीय! रक्तातच आहे!"

उल्का मात्र झाडावर बसून नखं खायची. कारण तिला वरून सगळं दिसायचं.

लहानांच्या सामन्यात पंच नसतो. चेंडू ज्याच्या बाजूला पडला, त्यानेच "आत" की "बाहेर" ते सांगायचं. झिपरीचा चेंडू रेघेच्या हातभर पलीकडे पडला, तरी समोरचं पोर ओरडायचं, "आत!" घरून तसं बजावलेलंच असायचं. सशाची आई तर पोराचा कान वर करून सांगायची, "उल्कामावशींच्या मुलीला बाहेर म्हणायचं नाही हं! उद्या त्यांच्याकडेच शिकायला जायचंय."

घरी झिपरी विचारायची, "आई, तो शेवटचा आत होता ना गं?"

"आतच होता. जेव बघू."

मग उल्कालाच घास उतरायचा नाही. आपल्या पोरीला खेळता येतं की नाही, हेच तिला कळेना. आणि विचारणार कुणाला? जो तो नुसता वा वा करायचा.

बाराव्या सामन्याला आली मुंगुसाची ठकी. नदीपलीकडची. तिकडे तेलही पोचलं नव्हतं आणि कावळेही.

झिपरीने पहिला चेंडू हाणला.

"बाहेर," ठकी म्हणाली.

सशाच्या आईने डोळेच मिटले.

दुसरा चेंडू. "बाहेर."

उल्का सरसर खाली उतरली. "ए पोरी, नीट बघ! आत होता तो!" बाहेर पडताना तिने स्वतः पाहिला होता बरं का. तरी तोंडातून हेच निघालं.

"हा बघा ना काकू, मातीत ठसा आहे. आणि तुम्ही कोण?"

सात वर्षांत उल्काला हे कुणी विचारलं नव्हतं.

"मी... हिची आई."

"मग तिकडे बसा. माझी आईपण तिकडेच बसलीय."

झिपरी ठशापाशी वाकली. बोटं ठेवून अंतर मोजलं. मग आईकडे बघितलं. "आई, तू जा. बस."

ती सहा-शून्यने हरली. पण मध्येच एक चेंडू अगदी रेघेवर पडला. ठकी खाली वाकली, नाक लावून बघितलं आणि म्हणाली, "आत."

झिपरीने तीन कोलांट्या मारल्या. "आई, ऐकलंस? आत म्हणाली ती!"

अकरा विजयांत पोरीने एकही कोलांटी मारली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जंगलाची सभा भरली. पलीकडच्या पोरांचे डोळे घुबडाकडून तपासून घ्यावेत, असं एकमताने ठरलं. फक्त उल्का सभेला नव्हती. ती लेकीला पाठीवर घेऊन नदी ओलांडत होती.

तात्पर्य : लेकरू सारखं जिंकत असेल, तर वेळीच इलाज करावा. सपाटून हरलं, तर पेढे वाटावेत.