लवू परब कुठेही राहत नाही

माणूस कुठे ना कुठे राहतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती चुकीची असावी असे मला अलीकडे वाटू लागले आहे. माझा या विषयाचा अभ्यास नाही, तेव्हा खात्रीने काही सांगत नाही. लालबागच्या लवू परबचे प्रकरण तेवढे मांडतो.

लवू एका कापडगिरणीत रातपाळीला साचे, म्हणजे माग, चालवी. त्याचे गाव कातळवाडे. ते तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर, म्हणजे पोर्तुगीजांच्या हद्दीत. अलीकडच्या तीरावर त्याचा मामा राहत असे. मामाची म्हैस रोज नदी ओलांडून परदेशात चरून येई. तिची चौकशी अद्याप सुरू झालेली नव्हती.

त्या वर्षी मुंबई कोणाची या प्रश्नावर जागोजाग सभा आणि मोर्चे चालले होते. त्याचा निकाल लागेपर्यंत मुंबईत कोण राहतो एवढे तरी ठरवून टाकावे, अशा विचाराने गिरगावात एक सीमापार-निवासी नोंदणी कचेरी उघडण्यात आली. हुकूम साधा होता. सरहद्दीपलीकडून आलेल्या प्रत्येकाने महिनाअखेरीपर्यंत राहत्या पत्त्याच्या पुराव्यासह नोंद करावी. न केल्यास त्याला नदीपलीकडे पोचते करण्यात येईल.

लवूला पोचते होऊन चालणार नव्हते. कामगार मैदानावरच्या सभेत त्याने 'गोवा मुक्त करा' अशी घोषणा दिली होती, आणि त्याचा आवाज जरा मोठा असल्यामुळे ती गावापर्यंत ऐकू गेली होती. तिकडचे पोलीस त्याची वाट पाहत होते. त्यांनी त्याची नोंद कुठल्याही पुराव्याशिवाय केली असती आणि राहण्याचा पत्ताही आपणच दिला असता, गजांसकट.

कचेरीचे प्रमुख माधवराव कारखानीस. सज्जन मनुष्य. संध्याकाळी ते चौपाटीवरच्या सभेत मागे उभे राहत आणि 'मुंबई घाम गाळणाऱ्यांची!' या वाक्याला, सरकारी नोकर असल्यामुळे, खिशातल्या खिशात टाळी वाजवत. सकाळी ते घाम गाळणाऱ्यांकडे पुरावा मागत.

"तू परदेशी?" त्यांनी लवूला विचारले.

"नाय साहेब. आमी हयलेच."

"बरोबर. गोवा आपलाच आहे असे सरकारचे मत आहे, तेव्हा तू परदेशी नाहीस. पण गोवा आपल्या हातात नाही, तेव्हा तू स्वदेशीही नाहीस. तुझा वर्ग 'स्वकीय परदेशी'. भाड्याची पावती आण."

पावतीवर 'कातळवाडे ग्रामस्थ मंडळ' असे नाव होते. गावातल्या जुन्या लोकांनी वर्गणी काढून लालबागला एक खोली भाड्याने घेतली होती. गावचा कोणीही मुंबईला आला की त्याने तिथे वळकटी टाकावी, असा रिवाज होता. कारखानिसांनी पावती दोनदा वाचली.

"या खोलीत गाव राहते, असे दिसते."

"व्हय साहेब. गावाची खोली."

"आणि गाव कुठे आहे?"

"नदीपलीकडे."

"मग ते लालबागला कसे राहते? एकाच वेळी दोन ठिकाणी राहिलेले चालत नाही. आधी गावाची नोंदणी करावी लागेल."

"गावाक हंय कसा आणू, साहेब?"

"तो गावाचा प्रश्न आहे," कारखानीस समजुतीच्या सुरात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी लवू शेवंतीबाईंना घेऊन आला. त्यांची शेजारच्या खोलीत खानावळ होती. गिरण्यांतले कितीतरी लोक त्यांच्या हातचे जेवत आणि त्यांच्या तोंडचे ऐकत.

"ह्यो माज्याकडे रोज दोन टायम जेवता," शेवंतीबाई म्हणाल्या. "आणि खंय रवतलो? झाडार?"

"बाई, जेवणे आणि राहणे या वेगवेगळ्या बाबी आहेत."

"असा? मगे जेवल्याबिगर चार दीस रवान दाखवा बगू."

कारखानिसांनी हे म्हणणे टिपून घेतले आणि अप्रस्तुत ठरवले. नियमाप्रमाणे, माणूस रात्री जिथे आडवा होतो ते त्याचे निवासस्थान. तसा तो आडवा होतो की नाही हे पाहायला रात्री पोलीस पाठवण्यात येईल, असे त्यांनी सांगितले.

इथे एक खुलासा करायला हवा. खोलीत माणसे फार आणि जमीन थोडी, म्हणून तिथल्या प्रत्येक वळकटीला दोन मालक असत. रातपाळीचा माणूस दिवसा झोपे आणि दिवसपाळीचा रात्री. वळकटी कधी थंड म्हणून होत नसे. लवूच्या वळकटीचा दुसरा मालक म्हणजे त्याचा मामेभाऊ रघू, त्याच गिरणीतला, लवूच्या नात्याने खोलीत आलेला; नदीच्या अलीकडचा, संपूर्ण स्वदेशी.

पोलिसाचा अहवाल आला: 'दाखवलेल्या वळकटीवर रघू हा इसम घोरताना आढळला. लवू हा इसम आढळला नाही.'

"मी गिरणीत होतंय, साहेब," लवू म्हणाला. "रातपाळी."

"म्हणजे तू रात्री गिरणीत असतोस. मग तू गिरणीत राहतोस. तसा दाखला आण."

गिरणीतला साहेब चमकला. गिरणीत कोणीही राहत नाही आणि आडवा होत नाही, असे त्याने सांगितले. कोणी आडवा झाल्याचा दाखला हवाच असेल तर तो देता येईल. मात्र सोबत नोकरीवरून काढल्याचाही मिळेल. लवूने दोन्ही नाकारले.

मग रघूने युक्ती काढली. "मी तुजी रातपाळी करतंय, तू माजी दिवसपाळी कर. आठवडोभर. रातीक तू निज. येव दे पोलिसाक."

मुकादमाच्या हातापाया पडून पाळ्या बदलल्या. लवू रात्री वळकटीवर दाराकडे तोंड करून निजू लागला. पण लवू दिवसा झोपतो ही गोष्ट आता कचेरीच्या ध्यानात आली होती, आणि चूक सुधारण्याच्या बाबतीत ती कचेरी तत्पर होती. पोलीस दुपारी आला. अहवाल: 'वळकटीवर पुन्हा रघूच. घोरणे पूर्ववत.'

रघू रात्रंदिवस तिथेच राहतो हे अशा रीतीने सिद्ध झाले. त्याने मागितलेला नसताना त्याला निवासाचा दाखला घरपोच मिळाला. लवू मात्र रात्रीही राहत नव्हता आणि दिवसाही.

"साहेब, मी हंय तुमच्या समोर उबो आसंय," लवू काकुळतीला येऊन म्हणाला. "म्हणजे खंयतरी रवतच आसतलंय ना?"

"तसे अनुमान काढता येते," कारखानीस म्हणाले, "पण अनुमानाला पत्ता नसतो."

तरी त्यांना वाईट वाटले. आदल्याच संध्याकाळी त्यांनी चौपाटीवर मनातल्या मनात फार मोठी घोषणा दिली होती. ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "एक वाट आहे. एक प्रतिष्ठित गृहस्थ साक्षीला आण. तू त्या खोलीत राहतोस हे त्याला ठाऊक हवे. आणि त्याचे स्वतःचे राहणे पक्के हवे. म्हणजे भाड्याची पावती, स्वतःच्या नावावर."

लवू कुठे राहतो हे सगळ्या लालबागला ठाऊक होते. माणसे पावत्या घेऊन धावत आली. एकीवर वडिलांचे नाव होते, दुसरीवर आजोबांचे. सीताराम मास्तरांच्या पावतीवर जे नाव होते ते कोणाचे, हे मास्तरांनाही सांगता येईना. नाव बदलायला गेले की घरमालकाला खोलीची आठवण होते, म्हणून कोणी बदलत नाही. मेलेली माणसे महिन्याच्या महिन्याला भाडे भरतात आणि जिवंत माणसे त्यांच्याकडे राहतात. शेवंतीबाईंची पावती त्यांच्या यजमानांच्या नावावर निघाली.

"यजमान स्वतः येऊ शकतील?" कारखानिसांनी विचारले.

"इले तर माकाच पळूचा लागतला."

शेवटी कारखानिसांनी टेबलावरचा टाक उचलला. "मीच सही करतो," ते म्हणाले. टाक दौतीत बुडवला, कागदावर नेला, आणि तिथे तो थांबला. त्यांची खोली आजोबांच्या नावावर होती. आजोबा प्लेगात गेले होते.

"मगे तुमी खंय रवतास, साहेब?" लवूने अगदी सरळ मनाने विचारले.

कारखानिसांनी पुढच्या माणसाला आत बोलावले.

सध्या प्रकरण विचाराधीन आहे. विचार चालू असेपर्यंत लवूला नदीपलीकडे नेता येत नाही. पण विचार चालू राहण्यासाठी त्याला रोज कचेरीच्या बाकावर हजर असावे लागते. त्याची रातपाळी पुन्हा सुरू झाली आहे, त्यामुळे तो आता कुठेच झोपत नाही. बाकावर डुलकी लागली की शिपाई खांद्याला धरून हलवतो. "ए, इथं आडवा होऊ नको. नायतर हाच तुझा पत्ता ठरेल, आणि मग सरकारी जागा बळकावली म्हणून आत जाशील."

उद्या महिन्याची अखेर. साक्षीदार अजून मिळालेला नाही. तुम्ही हे इथवर वाचलेत, तेव्हा लवू परब त्या खोलीत राहतो हे आता तुम्हालाही ठाऊक आहे. माहीत नव्हते असे म्हणता यायचे नाही. तुम्ही प्रतिष्ठितही आहात. कचेरी सकाळी लवकर उघडते. येताना तेवढी भाड्याची पावती घेऊन या. फक्त, निघण्यापूर्वी तिच्यावरच्या नावाने घरात एक मोठी हाक मारा, आणि 'ओ' कोण देतो ते पाहा.