कोठी लाईनीतली गुप्त चौकशी

मुलीचा मामा चौकशीला निघाला की त्याने दोन गोष्टी पाळायच्या असतात. आपण कोण ते सांगायचं नाही, आणि समोरचा सांगेल ते खरं मानायचं नाही. धावड्याच्या पुंजाराममामांना हे शिकवावं लागत नव्हतं; गाय व्याली म्हटलं तरी ते गोठ्यात जाऊन बघून यायचे. एकदाच गाफील राहिले, थोरल्या भाचीच्या वेळी. लग्नानंतर कळलं, की नवऱ्या मुलाच्या दारातले बैल शेजाऱ्याचे होते आणि बैठकीतल्या गाद्याही. म्हणून धाकट्या बेबीनंदाला जालन्याचं स्थळ सांगून येताच मामांनी गावच्या शाळामास्तरांचा काळा कोट अंगात चढवला आणि एस.टी. पकडली.

"मागून आणलेलं सामान ह्या खेपेला चालणार न्हाई," ते बहिणीला म्हणाले. "सगळं ठोकून बघतो."

स्थळ कोठी लाईनीतलं होतं. निजामाच्या अमदानीतले दगडी बंगले, उंच फाटकं आणि वर्षानुवर्षं एकमेकांकडे चहासुद्धा न प्यालेली माणसं. इथे कोणी कोणाशी बोलत नसे. खिडकीचा पडदा हलला की समजायचं, शेजारी घरात आहेत. मामांनी पहिलं फाटक वाजवलं ते निवृत्त मुन्सफ काकासाहेबांचं.

"शेजारच्या अण्णासाहेबांची कोठी सोताची हाय का किरायाची?"

"आपण कोण?"

"ते सांगता येत न्हाई. सोनंनाणं किती असंल? काही झाकून ठेवतेत का?"

"पण कशासाठी?"

"गुप्त चौकशी हाय," मामा आवाज खाली आणून म्हणाले. "त्यांच्या कानावर घालू नका."

काकासाहेबांनी तो काळा कोट खालपासून वरपर्यंत न्याहाळला. त्या दिवसांत पेपर उघडला की छाप्यांच्याच बातम्या असायच्या. मामा पुढच्या बंगल्याकडे वळताच ते मागच्या भिंतीपाशी धावले.

"अहो अण्णासाहेब! इन्कम टॅक्सवाला आलाय! तुमचंच नाव घेऊन राह्यलाय!"

अण्णासाहेब सरकीचे व्यापारी. आपल्या हिशेबाच्या वह्यांवर त्यांचा स्वतःचाही फारसा विश्वास नव्हता.

"काकासाहेब, मेलो! तुम्ही मुन्सफ होता, तुमच्यावर कोण शक घेणार? सामान तुमच्याकडं टाकतो. विचारलं तर तुमचंच म्हणा."

काकासाहेब जन्मात खोटं बोलले नव्हते. पण शेजाऱ्याने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. "शब्द दिला!" ते म्हणाले.

मामा इतर बंगल्यांची बंद दारं वाजवून येईपर्यंत भिवा माळ्याने गालिचा, चांदीची ताटं, रेडिओ, खुर्च्या आणि अण्णासाहेबांच्या पत्नी गिरिजाबाईंचा दागिन्यांचा डबा भिंतीपलीकडे पोचवला. गिरिजाबाई मोलकरणीचं लुगडं नेसल्या. मामा आत शिरले तेव्हा घोडं फिरेल एवढ्या दिवाणखान्यात एक सतरंजी होती आणि तिच्यावर अण्णासाहेब.

"बसा साहेब. खुर्ची न्हाई."

"एवढी कोठी, अन् खुर्ची न्हाई?"

"कशाची कोठी! भिंती तेवढ्या उभ्या हायेत. एक टाईम जेवून राह्यलो."

गिरिजाबाईंनी बिनसाखरेचा चहा आणला. तो घशाखाली उतरेना, तसा मामांचा धीर सुटला.

"मंग सुनेला काय खाऊ घालणार हो तुम्ही?"

"कोणच्या सुनेला?"

"आमच्या बेबीनंदाला! म्या मामा तिचा."

गिरिजाबाईंच्या हातातली किटली पडली. त्यांचा मुलगा धर्मराज तिशीला टेकला होता आणि जमत आलेली स्थळं एकेक करून मोडली होती. हे शेवटचं हाताशी होतं.

"भिवा!" अण्णासाहेब ओरडले. "सामान आण! जल्दी!"

भिंतीवरून गालिचा परत आला, मागोमाग ताटं, रेडिओ, डबा. मामा दारात उभे राहून बघत होते. त्यांचे डोळे बारीक बारीक होत गेले.

"हे समदं आमचंच हाय, मामा! इन्कम टॅक्सवाले समजून तिकडं ठेवलं होतं."

"शेजाऱ्याच्या घरून येऊन राह्यलं, अन् तुमचं?"

"इचारा की काकासाहेबांना! मुन्सफ माणूस. खोटं बोलणार न्हाई."

काकासाहेबांना बोलावलं. अण्णासाहेब तोंड उघडणार तोच मामांनी हात आडवा केला. "तुम्ही गप ऱ्हा. साक्षीदाराला पढवायचं न्हाई."

"हे सामान कोणाचं, साहेब?" मामांनी काकासाहेबांना विचारलं.

"माझं," काकासाहेब ठणकावून म्हणाले.

अण्णासाहेबांनी डोळे मिचकावले, हात जोरजोरात हलवले. काकासाहेबांना वाटलं, आपलं कमी पडतंय.

"डबासुद्धा आमचाच. ह्या गरिबांकडं काय असणार? दिवाळीला कपडेही आम्हीच देतो."

गिरिजाबाईंनी डबा पदराआड ओढला. मामांना मात्र सकाळपासून पहिल्यांदाच बरं वाटलं. एवढं सरळ बोलणारा माणूस त्यांनी कधी पाहिला नव्हता. ते काकासाहेबांच्या जवळ गेले.

"साहेब, तुमच्या घरी लग्नाचा पोरगा हाय का?"

काकासाहेब गोंधळले. ह्याचं काय उत्तर द्यायचं ते भिंतीपाशी ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी खरं तेच सांगितलं.

"हाय की. धाकटा."

"मंग चला," मामा अण्णासाहेबांचा रेडिओ काखेत मारत म्हणाले, "बाकीचं तुमच्या घरी बसून बोलू."