कॉपी होईस्तोवर

कॉम्प्युटरवर कॉपी चालू असली की लाखांदूरचे सुखदेवभाऊ माउसवर रुमाल टाकतात. कुणी हात लावू नये म्हणून. आपण सहज म्हणावं, "भाऊ, तोवर एखादा फोटो दाखवा ना," तर ते ओठांवर बोट ठेवतात. "प्रोसेसरले तरास देऊ नोका जी. कामात हाये थो."

एसटी स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ आहे. आसपासच्या कितीतरी गावांची लग्नं त्यांच्याकडे साठवलेली. शेजारचं औषधाचं दुकान माझं, त्यामुळे त्यांचं प्रोसेसरपुराण मला तोंडपाठ आहे.

"पयलेची डिस्क लय आळशी होती," ते सांगतात. "एकेक दाना प्रोसेसरले सोता उचलून न्या लागे. मंग माउस कायचा हालते? आता डिस्क आपला माल आपूनच मेमरीत टाकते अन् त्याले फकत सांगते, झालं बा. थो मोकळा!"

म्हणजे रुमालाची आता गरज नाही. पण रुमाल आहे.

माणसंही ते याच मापाने मोजतात. एका लग्नात नवरीचा बाप स्वतःच वरणाची बादली घेऊन पंगतीत धावत होता. सुखदेवभाऊ हळहळले. "सगळं ह्यालेच वाहा लागून राहिलं. पाहुन्याशी बोलन कोन?" कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवून ते गेले आणि त्याच्या हातून बादली घेतली. त्या लग्नाच्या व्हिडिओत माझा अंगठा बराच वेळ दिसतो. पण नवरीचा बाप तिच्याशी बोलतानाही दिसतो.

इतक्या जाणकार माणसाची स्वतःची डिस्क मात्र जुनाट होती. तिच्यावरून एक लग्न पेन ड्राइव्हवर उतरेपर्यंत गिऱ्हाइकाची एसटी निघून जायची. म्हणून मी नागपूरहून नवी, वेगवान डिस्क आणून त्यांना भेट दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, सगळी लग्नं तिच्यावर घेतली. चहा सांगावा तर चहा येण्याआधी कॉपी तयार! लोक खूश. काउंटरपाशी उभ्या उभ्याच पेन ड्राइव्ह घ्यायचे आणि जायचे.

काही दिवसांनी पाहतो तर नवी डिस्क परत खोक्यात, आणि टेबलावर जुनीच घरघरतेय.

"काहून काढली भाऊ?"

"गरम होऊन राहिली होती."

ती चालू असताना मी हात लावून पाहिला होता. थंडगार होती. मला थोडा रागच आला.

तेवढ्यात एक म्हातारी बाई आली. मुलाच्या लग्नाचा व्हिडिओ हवा होता. सुखदेवभाऊंनी तिला खुर्ची दिली, कॉपी लावली आणि समोर बसले. "सून बरी हाये ना मावशी?" एवढं विचारायचा अवकाश, मावशी सुरू झाली. सुनेच्या हातची भाजी, नातवाचे दात, गुडघे, धानाची रोवणी. सुखदेवभाऊ पुढे झुकून ऐकत होते. मध्येच हसत होते, मध्येच "मंग?" म्हणत होते. कॉपी झाल्यावर मावशीच म्हणाली, "अगा माय, झालं बी?"

ती गेली. दुकान एकदम गप्प झालं. सुखदेवभाऊ खोक्यातल्या डिस्ककडे बघत म्हणाले, "चांगली हाये जी तुमची. तिचा दोष नाई. पन थे लावली का मानूस बसतच नाई." माउसवरच्या रुमालाची घडी करत म्हणाले, "शेवंता होती तवा घरी गेल्यावर बोलनं होत जाय. आता पोरगी पुन्याले. तिचा फोन येते, पन तिले बी घाई रायते. मी मोकळा होऊन करू काय?"

शेवंतावहिनींना जाऊन वर्ष उलटलं होतं. मी रोज शेजारीच बसत होतो, आणि रोज घाईत शटर ओढून घरी जात होतो.

मी खिशातून पेन ड्राइव्ह काढला.

"भाऊ, माझ्या पुतणीच्या लग्नाची कॉपी करून द्या."

"तुमाले तं देली होती ना?"

"हरवली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं त्यांना कळलं असावं. नव्या डिस्कचं खोकं त्यांनी माझ्याकडे सरकवलं. "ह्याच्यावरून देऊ? लौकर होईन."

"जुनीवरूनच द्या. मला घाई नाही."

त्यांनी कॉपी लावली, दोन चहा सांगितले, स्वतःची खुर्ची ओढून जवळ आणली आणि म्हणाले, "त्या लग्नात थो लाल फेटेवाला लय नाचत होता. कोन होय जी थो?"

मी सांगायला लागलो.