डब्यातले विनातिकीट

ईरा, निशांत,

परवा फोनवर तुम्ही तुमच्याकडच्या रंगीत कचरापेट्यांचं कौतुक केलंत आणि आजीकडे असलं काही नसणार, असं समजून विषय बदललात. म्हणून आजच लिहायला बसले. राजापेठेतल्या आमच्या गल्लीत घरटी डबे दोनच, ओला आणि सुका. पण त्यांच्यावर नानाभाऊ आहेत.

नानाभाऊ माझे शेजारी. धारणीच्या एसटीवर जन्मभर कंडक्टर होते. नोकरी संपली, तपासणी संपली नाही. सकाळी घंटागाडी येण्याआधी ते प्रत्येक घराचा डबा उघडून बघतात. ओल्यात प्लास्टिक सापडलं की ते विनातिकीट. सुक्यात दुधाची न धुतलेली पिशवी दिसली की घरमालकाला हाक येते, "उतरवा याले. आंघोळ घालून उद्या आणा." संपलेले सेल आणि फुटका बल्ब वेगळ्या पुडीत बांधायचे, ती रिझर्व्हेशनची सीट. सगळं जागच्या जागी बसलं की ते गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारतात. त्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही. त्याला नानाभाऊ पालिकेचे साहेब वाटतात, आणि हा गैरसमज कोणी दूर केलेला नाही.

मग एके दिवशी ते समोरच्या शबानाला भर गल्लीत म्हणाले, "पिझ्झ्याचा खोका तेलकट हाये बाई, सुक्यात नाही बसत." घरात पिझ्झा आला होता, हे तिच्या सासूबाईंना तेव्हा कळलं.

गल्लीने ठरवलं, तपासणी बंद. नानाभाऊंना दुसरा उद्योग नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यामुळे सांगायला कोणी धजेना. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेलं, म्हणून काम माझ्याकडे आलं.

तुम्ही सुट्टी संपवून नुकतेच परत गेला होतात. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तेच दारात आले.

"वहिनी, तुमचा ओला डबा रिकामा फिरून राहिला. भाजीचं देठ नाही का साल नाही, नुस्ता चहाचा चोथा. जेवून काहून नाही राहिल्या?"

"एकटीसाठी काय रांधायचं? तुमच्या डब्यात काय असतं?"

"माह्या डब्याचं काय विचारता. मी त स्टाफ हाये."

मी सरळ त्यांच्या ओट्यावर गेले आणि झाकण उचललं. आत चोथाच होता.

नानाभाऊ रस्त्याकडे बघत म्हणाले, "पोरगी अकोल्याले गेली तवापासून हे झाकण कोणी उघडलं नाही."

आता ते भाजी आणतात, मी करते, आणि दुपारी दोघं जेवतो. मीठ कमी पडलं की ते तसं तोंडावर सांगतात. गल्लीचा निरोप मी त्यांना दिला नाही. शबाना पिझ्झा माझ्याकडे बसून खाते आणि खोक्याबद्दलची बोलणी मी खाते.

तपासणी चालू आहे.

— आजी