दक्षिण ध्रुवाची रंगीत तालीम

आपण दक्षिण ध्रुवावर चाललोय, हे भोंगाबाईनं घसा फोडफोडून सांगितलं, पण गल्लीतलं कुत्रंसुद्धा विश्वास ठेवायला तयार होईना. समोरचा शिंपी म्हणाला, "ध्रुव म्हणजे ती पुलापलीकडची नवी सोसायटी ना? पाणी बघून घ्या हो वहिनी, तिथं पाण्याची बोंब आहे." दूधवाला नुसताच हसला आणि माप कमी घालून गेला. सख्ख्या नणंदेनं, म्हणजे वन्संनी, तिच्या कपाळाला हात लावून बघितला. आता सांगा, खरं बोलणाऱ्या बाईनं करायचं काय? डोकं आपटून घ्यायचं?

गल्लीत तिला भोंगाबाई म्हणत, त्यालाही कारण होतं. बर्फाच्या कारखान्याचा भोंगा एकदा बिघडला, तेव्हा कामगार हिच्या आवाजावर वेळेवर कामाला आले होते. घराच्या पुढच्या खोलीत तिचं इस्त्रीचं दुकान. सकाळी इस्त्री तापली की बाई तापायची, आणि संध्याकाळी इस्त्री गार झाली तरी बाई होईलच असं नाही.

नवरा त्याच बर्फाच्या कारखान्यात फोरमन. सगळे त्याला थंडोबा म्हणत. पण थंडीचं आणि त्याचं साताजन्माचं वैर. (हसू नका. हलवायाला कुठं गोड खपतं?) फोरमनची खोली मशीनला चिकटून, आणि बर्फ करणारं मशीन स्वतः मात्र भट्टीसारखं तापतं. लाद्या उचलायला दुसरी माणसं. हा पठ्ठ्या भर उन्हाळ्यात कढत पाण्यानं आंघोळ करायचा आणि पंखा लावला की कानटोपी शोधायचा.

तर झालं असं, की कारखान्याच्या मालकांनी ध्रुवाकडच्या बर्फाळ किनाऱ्यावर जाणाऱ्या जहाजाच्या दोन जागा घेतल्या होत्या, स्वतःसाठी आणि मालकीणबाईंसाठी. पण मालकीणबाईंना बागेतल्या तळ्यात नावेत बसलं तरी बोट लागते. त्यांनी साफ सांगितलं, मी काही येत नाही, आणि तुम्हीही जायचं नाही. थंडोबा निवृत्तीला आलेला. मालकांना आला उमाळा. म्हणाले, "घड्याळ काय, सगळेच देतात. तू आणि वहिनी माझ्या जागेवर ध्रुवावर जाऊन या."

थंडोबा घरी आला तो जहाजवाल्यांची रंगीत पुस्तिका छातीशी धरूनच. रात्री जेवणं झाल्यावर वाचून दाखवायला लागला.

"जमिनीवर उतरण्याआधी बूट औषधाच्या पाण्यात धुवायचे. खिशातली माती, बी, काडीकचरा झाडून काढायचा."

"मला सांगतायत? कपड्यांचे खिसे झाडण्यात माझा जन्म गेला!"

"तिथं खाली बसायचं नाही."

"दमलं तर?"

"उभ्यानं दमायचं. पेंग्विनच्या जवळ जायचं नाही. तोच जवळ आला तर आपण अदबीनं मागं सरायचं."

"का? तो काय माझा सासरा लागतो?"

"आणि त्या दिवसांत तिकडं रात्र होत नाही. सूर्य मावळतच नाही."

हे ऐकून बाई जरा घाबरली. रात्रच नाही, तर बाईमाणसानं पाठ टेकायची कधी? पण दुसऱ्या पानावर एक चित्र होतं. पांढरंशुभ्र, आरपार, कुठं सुरकुती नाही, कुठं डाग नाही. त्या बर्फावर एक बाई लाल कोट घालून नुसती उभी होती. काही करत नव्हती. भोंगाबाई त्या चित्राकडं बघतच राहिली. तिचं सगळं आयुष्य वाफेत गेलं होतं. एकदा तरी, फक्त एकदा, घाम न येता उभं राहून बघायचं होतं तिला.

त्या दिवसापासून तिनं ध्यास घेतला. शिंप्याकडं दोन जाड कोट टाकले. गल्लीला बजावलं, "येताना पेंग्विनबरोबर फोटो काढून आणीन आणि दुकानाच्या दारावर डकवीन. आज जे दात काढतायत ना, त्यांच्या कपड्यांना माझी इस्त्री लागणार नाही. फिरा चुरगळलेले!"

एवढं सगळं सुरळीत चाललं होतं. मग जहाजवाल्यांच्या डॉक्टरचा फोन आला. थंडी सोसते ना, विचारलं. थंडोबा छाती काढून म्हणाला, "साहेब, जन्म बर्फात गेला." फोन ठेवला आणि कानटोपी चढवली. म्हणाला, "अगं, तिथं म्हणे धीट लोक जहाजावरून बर्फाच्या पाण्यात उडी मारतात."

"तुम्ही कधीपासून धीट झालात?"

"म्हणून म्हणतो, जरा सवय करून घेऊ."

जरा सवय. घात झाला तो या दोन शब्दांनी.

सुट्टीच्या दिवशी त्यानं कारखान्यातून हातगाडीवर बर्फाच्या दोन अख्ख्या लाद्या आणवल्या. मधल्या खोलीत शेजारी शेजारी मांडल्या, वर गोणपाट टाकलं. अंगात फक्त बनियन आणि पायजमा. कानात वारं जाऊ नये म्हणून कानात कापूस घातला. शिंका येऊ नयेत म्हणून नाकातही घातला. मग देवाचं नाव घेतलं आणि आडवा झाला.

"आहा," थंडोबा म्हणाला.

आणि नाकात कापूस असूनही शिंक आलीच. अशी आली, की कमरेत कचकन उसण भरली आणि माणूस फळीसारखा ताठ झाला. उठता येईना, कूस बदलता येईना. दातखीळ बसली, त्यामुळं बोलताही येईना. बाईनं हात ओढला, पाय ओढला. ओढावं तेवढा तो बर्फावर घसरायचा आणि परत तिथंच यायचा. शेवटी गिऱ्हाइकाची एक पांढरी चादर इस्त्री करून ठेवली होती, ती तिनं त्याच्या अंगावर टाकली. तेवढ्यात फोन वाजला. वन्सं होत्या.

"काय चाललंय वहिनी?"

"काय चालायचं, माझं कपाळ! मेला बर्फावर पडलाय!"

पलीकडं भांडं पडल्याचा आवाज आला.

"को... कोण?"

"कोण म्हणजे? तुमचा भाऊ! माझ्या घरात दुसरा कोण पडणार?"

"अगं बाई! कधी?"

"आत्ताच. चांगला बोलत होता. एक शिंक काय आली, जागच्या जागी ताठ! गार पडलाय नुसता. हलवला, ओढला, काही उपयोग नाही."

"काही... काही बोलला का शेवटी?"

"'आहा' म्हणाला."

"डॉक्टर?"

"डॉक्टर येऊन काय दिवे लावणार? आधी उचलायला चार माणसं हवीत. कारखान्यातली चार पाठवा, आणि लवकर पाठवा. बर्फ वितळतोय, घरभर पाणी झालंय."

पलीकडून हुंदका आला. बाईला वाटलं, वन्सं हसतायत. ती आणखीच भडकली.

"महिनाभर जायची तयारी चालली होती त्याची! दक्षिणेला जायचं, दक्षिणेला जायचं, एकच जप. मी म्हटलं, एकटे कुठं जाता? मीही येते बरोबर."

"नाही हो वहिनी! तुम्ही नका जाऊ! असलं काही मनात आणू नका, तुम्हाला माझी शपथ आहे!"

"का नको? तुमच्या पोटात का दुखतंय? दोघांची सोय झालीय!" असं म्हणून बाईनं फोन आपटला.

पहिला आला समोरचा शिंपी; फोनवरचा भोंगा त्याला दुकानात ऐकू गेला होता. दारातच चपला काढल्या, टोपी काढली.

"आलात? धरा पाय," भोंगाबाई म्हणाली.

शिंप्याला रडूच फुटलं. "वहिनी, कोटाच्या बाह्या लावायच्या राहिल्या हो."

मग कारखान्यातली चार माणसं आली आणि माना खाली घालून भिंतीला लागून उभी राहिली. मागोमाग अर्धी गल्ली. बाया पदर तोंडाला लावून आत आल्या. भोंगाबाईला कळेना, एका उसणीसाठी एवढी माणसं कशाला?

"उभे काय राहिलात? उचला!"

"वहिनी, फोरमनसाहेबांच्या ताईंना तरी येऊ द्या," एकजण हळूच म्हणाला. "इतकी घाई करू नये."

"घाई? अहो, असाच पडून राहिला तर गारठून मरेल तो!"

माणसांनी एकमेकांकडं बघितलं. एक म्हातारी पुटपुटली, "धक्का बसलाय तिला. रडू द्या. रडली म्हणजे मोकळी होईल."

तेव्हा कुठं भोंगाबाईच्या डोक्यात प्रकाश पडला. पायाखालची जमीन सरकली तिच्या. (थोडी पाण्यामुळंही सरकली असेल.)

"अरे मेल्यांनो! जिवंत आहे तो!"

"आहे ना वहिनी," शिंपी डोळे पुसत म्हणाला. "आमच्या सगळ्यांच्या मनात जिवंत आहे."

तिनं सर्रकन चादर ओढली. ती ओढायला नको होती. खाली थंडोबा निळा पडलेला, हात अंगालगत, डोळे मिटलेले, नाकात कापूस. बायांनी एकदम गळा काढला.

"अहो, बोला की! एरवी चहा, चहा म्हणून जीव खाता!" बाईनं त्याला गदागदा हलवलं. थंडोबाचे दात ट-ट-ट वाजले.

"खिडकी वाजतेय, लावून घ्या रे कुणीतरी," म्हातारी म्हणाली.

आता बाईनं शेवटचा उपाय काढला. उसणीला शेक लागतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ती पुढच्या खोलीत धावली, तापलेली इस्त्री घेतली, भोवती फडकं गुंडाळलं आणि आली.

"उलटा करा त्याला!"

"अगं बाई बाई बाई! नवऱ्याला इस्त्री करतेय!"

"धरा तिला! डोकं फिरलं!"

ज्या चार माणसांना उचलायला बोलावलं होतं, त्यांनी उचललं भोंगाबाईलाच. एकानं इस्त्री काढून घेतली, दोघांनी दंड धरले. बाई हातपाय झाडत ओरडत होती, "शेक द्यायचाय! सोडा, शेक द्यायचाय!" आणि चौथा समजावत होता, "आता कशाला शेक? आता त्यांना कसलाच त्रास नाही."

इतक्यात वन्सं आल्या. वन्सं म्हणजे अंगापिंडानं भरदार बाई. दारातूनच "दादा रे!" करत धावल्या, ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि सबंध देहानिशी भावावर कोसळल्या.

कट्ट!

"मेलोऽऽ!" थंडोबा किंचाळला आणि ताडकन उठून बसला. उसण सुटली होती.

त्यानंतर त्या खोलीत जे झालं, ते सांगायला जीभ धजत नाही. वन्संची शुद्ध गेली. शिंपी टोपी टाकून रस्त्यापर्यंत गेला आणि टोपीसाठीसुद्धा परत येईना. एका बाईनं थंडोबाला तिथल्या तिथं हात जोडले. इस्त्री धरणाऱ्यानं इस्त्री कुठं ठेवली ते कळेना. ती मागाहून वासावरून सापडली, गिऱ्हाइकाच्या पँटवर.

वन्संच्या तोंडावर पाणी मारलं. (पाण्याला काय तोटा?) त्या शुद्धीवर आल्या आणि आधी भावाला मिठी मारून रडल्या, मग भावजयीवर उलटल्या.

"तुम्हीच म्हणालात, मेला!"

"जन्मभर म्हणतेय मेला! लग्न झाल्यापासून म्हणतेय! तेव्हा नाही कुणी रडायला आलं!"

"चार माणसं मागितलीत!"

"मग काय दोघांनी उचलायचा? खाणं बघा त्याचं!"

या रणधुमाळीत मालक आले. हातात फुलांचं हे एवढं मोठं चक्र. समोर थंडोबा घोंगडी पांघरून कपबशी धरून बसलेला. मालकांच्या हातून चक्र गळालं.

"तू... आहेस?"

"आहे, मालक," थंडोबा ओशाळून म्हणाला. जसं काही असणं ही त्याचीच चूक.

मालक मटकन स्टुलावर बसले. त्यांचा चेहरा आनंदानं उजळायला हवा होता, पण तो पांढराच पडत चालला.

"मग मी... अरे, ताईंचा फोन आला तसा मी गाडीतूनच जहाजवाल्यांना कळवलं. म्हटलं, कसलं जहाज आता त्या माऊलीला? दोन्ही जागा रद्द करून टाकल्या."

भोंगाबाईनं तोंड उघडलं. आणि गल्लीनं पहिल्यांदाच बघितलं, की तोंड उघडलंय आणि आवाज येत नाही. तिच्या डोळ्यांपुढं ते पांढरं चित्र आलं, आणि लाल कोटातली ती बाई पाठ फिरवून दूर दूर चालायला लागली.

"परत मागा," ती शेवटी म्हणाली. एवढ्या हळू, की शेजारच्यालाही पुढं वाकावं लागलं.

मालकांनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा मध्ये धरला. जहाजवाल्यांची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सॉरी सर, त्या जागा लगेच वेटिंगवरच्या जोडप्याला गेल्या. जहाज फुल आहे."

"अहो, पण आमचा माणूस जिवंत आहे!"

"अभिनंदन सर. पण गेले असं आपणच कळवलंत."

"मला ताईंनी सांगितलं."

"मला वहिनींनी!" वन्सं फोनच्या दिशेनं ओरडल्या.

"मी शिंक म्हटलं होतं, शिंक! कान साफ करा आधी!" बाईला आवाज परत सापडला. "आणि मालक, खात्री न करता माणूस मारायची एवढी घाई? आणि हा शिंपी! ही म्हातारी! तो बर्फ! तो मेला फोन!"

"एक मिनिट, एक मिनिट," मुलगी म्हणाली. "मी साहेबांशी बोलून बघते, पुढच्या जहाजाचं काही जमतं का. पण चूक कुणाची, ते विचारतील. एकच नाव सांगा."

वन्सं छताकडं बघायला लागल्या. मालक बुटांकडं. नाव सगळ्यांच्या ओठांवर होतं, पण घेणार कोण? रोजचे कपडे इस्त्रीला कुठं टाकायचे मग?

तेव्हा घोंगडीतून थंडोबानं मान वर काढली. उभ्या संसारात हा माणूस बायकोला "अगं"च्या पुढं कधी गेला नव्हता. त्यानं कपबशी खाली ठेवली, नाकातला कापूस काढला, आणि अगदी स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला, "भोंगाबाई."