साहेबांच्या एसीवरचा लाल स्टिकर

एक्स-रे आणि एमआरआयच्या विभागात शेवटचा पेशंट पाचला जायचा. मागे कॉम्प्युटर, दिवे आणि एसी कुणाचीतरी वाट बघत चालूच राहायचे. थोरल्या सिस्टरांच्या ते डोळ्यांत खुपलं. कधीच बंद करायच्या नाहीत अशा यंत्रांवर त्यांनी लाल स्टिकर लावले आणि सफाईच्या मावशींना सांगितलं, "लाल नसेल ते काम संपलं की बंद."

उपाय फारच सोपा असल्यामुळे अधीक्षकसाहेबांना तो पटला नाही.

"महिन्याभरात विजेची युनिटं कमी झाली नाहीत, तर तुमची बदली चादरींच्या स्टोअरला," ते म्हणाले. मन मोठं म्हणून त्यांनी बदलीचा कागद आधीच टाइप करून टेबलावर ठेवला. सिस्टर अठरा वर्षं पेशंट सांभाळत आल्या होत्या.

लाल स्टिकर म्हणजे मान, हा शोध विभागाला दुसऱ्याच दिवशी लागला. टेक्निशियनने चहाच्या किटलीला एक लावला, डॉक्टरांनी मोबाइलच्या चार्जरला.

"माझं काम अडलं तर हॉस्पिटल अडेल," म्हणत साहेबांनी केबिनच्या एसीला लावला आणि अर्धवट राहिलेलं शब्दकोडं पुढे ओढलं. स्टिकर संपले. युनिटं मात्र जागची हलली नाहीत.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी मुख्य कार्यालयातल्या मॅडम पाहणीला येणार होत्या. नेमका त्याच दुपारी एमआरआय थंड ठेवणाऱ्या पंपाचा स्टिकर फाटून गळून पडला. मावशींचा हात बटणाकडे गेला.

"अहो मावशी, थांबा! हा बंद पडला तर अख्खं मशीन बसेल!"

"लाल कुठंय मग? तुम्हीच सांगितलंत ना!"

सिस्टर धावत केबिनमध्ये गेल्या. साहेब जेवायला गेले होते. सिस्टरांनी एसीवरचा स्टिकर उपटला आणि पंपावर चिकटवला. पंप वाचला. मावशी नियमाच्या पक्क्या, त्यांनी एसी बंद केला आणि रिमोटही कपाटात ठेवला.

मॅडम आल्या तेव्हा रिमोट न सापडल्याने साहेब घामाने निथळत होते.

"एवढ्या उकाड्यात एसी बंद? स्वतःपासून सुरुवात केलीत!"

साहेबांनी कपाळ पुसलं. "हो... म्हणजे, तत्त्व आहे."

"कल्पना कुणाची?"

"या... सिस्टरांची."

मॅडमची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. "मग यांना इथून हलवू नका हं. आणि मी आता दर आठवड्याला येईन, न कळवता."

मॅडम गेल्या. साहेब वारा घ्यायला काहीतरी शोधू लागले. सिस्टरांनी टेबलावरचा बदलीचा कागद नीट घडी घालून त्यांच्या हातात दिला.